हरकत कुठं घ्यायची?

गेल्या शनिवार-रविवारी उमरीला जाऊन आलो. उमरी कुठे म्हणाल, तर नांदेडहून धर्माबादकडे जाणाऱ्या रेल्वेलाईनवर. हैदराबाद मुक्तिसंग्राम वाचलेल्यांना ३० जानेवारी १९४८ची बँक लूट आठवेल, बाकीच्यांना काहीच आठवणार नाही. आमचं आजोळ तिथलं. मामेभावाचं फ्लेक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. दुकानात बसलो की हमखास दोन-तीन तास जातात, कारण गिऱ्हाईक बघण्यासारखं असतं. वाढदिवसाच्या बॅनरवर कुणाचा फोटो कुणापेक्षा मोठा असावा यावरून समोरच भांडणं होतात.

तर यावेळी भिंतीवर बघितलं, आमचे बैल अजून तिथेच. ए-थ्री साईझचा प्रिंट, उन्हानं थोडा उडालेला. मग विषय निघालाच. या बैलांची गोष्ट मी इथे कधी लिहिली नव्हती, कारण त्यात माझा शहाणपणा उघडा पडतो. पण एनएफटी हा शब्द लोक आता विसरायला लागलेत, तेव्हा लिहून टाकायला हरकत नाही. ('हरकत' हा शब्द पुढे बराच येणार आहे.)

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये लग्नं नाहीत, जत्रा नाहीत, वाढदिवस घरातल्या घरात. म्हणजे बॅनर शून्य. दुकान बंद ठेवून भाऊ कोरलड्रॉमध्ये पोळ्याचे बैल काढत बसला. चोवीस चित्रं केली. सगळे लाल कंधारी. झूल, बाशिंग, कवड्यांच्या माळा, शिंगांना हिंगूळ, गोंडे, सगळं नीट. एक बैल मात्र डाव्या शिंगानं मोडका. तो मामांचा खरा बैल होता, काही वर्षांपूर्वी माळेगावच्या जत्रेत विकला. त्याच्या आठवणीत तो तसाच काढला. पोळ्याला भावानं ही चित्रं इन्स्टाग्रामवर आणि व्हॉट्सअॅप स्टेटसला टाकली. पंचक्रोशीत फिरली. दुसऱ्या वर्षी शेजारच्या तालुक्यात एका पुढाऱ्याच्या पोळ्याच्या शुभेच्छांवर आमचा मोडक्या शिंगाचा बैल उभा होता. पैसे सोडाच, नावही नाही.

मग २०२१. ११ मार्चला क्रिस्टीजनं बीपल नावाच्या अमेरिकन चित्रकाराची एक जेपेग फाईल ६ कोटी ९३ लाख डॉलरला विकली. घेणारा तामिळनाडूतून सिंगापूरला गेलेला विघ्नेश सुंदरेसन. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमिताभ बच्चननी स्वतःच्या आवाजातली 'मधुशाला' आणि जुनी पोस्टरं एनएफटी म्हणून लिलावात काढली. एवढं झाल्यावर भावाचा फोन आला.

"दादा, ह्ये एनएफटी म्हणजे नेमकं काय असतंय? आपले बैल जमतील का त्यात?"

आता मी पुण्यात नुकताच नोकरीला लागलेला जावा डेव्हलपर. ऑफिसात कुणी विचारत नाही, आणि इथे कुणीतरी तज्ज्ञ समजून विचारतंय. मी अर्धा तास भाषण दिलं. म्हणालो, चित्र ब्लॉकचेनवर नोंदवलं की ते कायमचं तुझं. कुणी खोडू शकत नाही, कुणी बदलू शकत नाही. वर पुढे जितक्या वेळा विकलं जाईल तितक्या वेळा दहा टक्के तुला येत राहतील.

यातलं एकेक वाक्य नंतर माझ्याच अंगावर आलं.

जानेवारी २०२२मध्ये बसून वॉलेट उघडलं. इथेरियमवर गॅस फी परवडणारी नव्हती, म्हणून पॉलिगॉन घेतलं. (हे मुंबईतल्या पोरांनी २०१७मध्ये मॅटिक नावानं सुरू केलेलं, त्याचा मला उगाच अभिमान.) बारा बैल मिंट केले, म्हणजे नोंदवले, आणि एका मोठ्या बाजारपेठेवर विक्रीला लावले. दोन महिन्यांत एक विकला गेला. घेणारा मीच होतो. दुसऱ्या वॉलेटवरून, त्याला न सांगता. भावानं त्या दिवशी घरी पेढे आणले होते, हे मला नंतर मामींकडून कळलं.

मार्चमध्ये कळलं ते वेगळंच. त्याच बाजारात कुणीतरी आमचेच नऊ बैल आधीपासून टाकून ठेवले होते. इन्स्टाग्रामवरून उचललेले, नाव 'इंडियन होली बुल' का असंच काहीतरी. मोडक्या शिंगाचा बैलही त्यात. आणि मिंटची तारीख नोव्हेंबर २०२१. म्हणजे आमच्या दोन महिने आधी.

भाऊ स्क्रीनकडे बघत बसला. मग म्हणाला, "म्हंजे ब्लॉकचेनच्या हिशोबानं चोर आपणच की."

मी म्हटलं, तांत्रिकदृष्ट्या तसंच.

"मग हरकत कुठं घ्यायची?"

त्याला हा प्रश्न सुचला कारण तो शेतकऱ्याच्या घरातला आहे. मामांच्या वाटणीच्या फेरफारावर चुलत्यांनी हरकत घेतली होती, तेव्हा दीड वर्ष हा पोरगा कागदांची पिशवी घेऊन फिरलेला. मी इंजिनिअर, मला तो प्रश्न सुचलाच नव्हता. ब्लॉकचेन शिकवणारा एकही कोर्स 'हरकत' या शब्दापाशी थांबत नाही.

आता थोडं तांत्रिक, पण गावच्या भाषेत सांगतो. तलाठ्याकडे गाव नमुना सहा असतो, फेरफाराची नोंदवही. जमीन विकली, वारस लागले, वाटणी झाली, की तिथे क्रमांक टाकून नोंद होते. आणि त्या नोंदींवरून सातबारा बदलतो. ब्लॉकचेन ही अशीच फेरफाराची वही समजा, फक्त तिच्या प्रती जगभर हजारो कॉम्प्युटरवर आहेत आणि मागचं पान फाडता येत नाही. एनएफटी म्हणजे त्यातला एक क्रमांक. बहुतेक एनएफटी ईआरसी-७२१ नावाच्या २०१८च्या मानकावर चालतात. त्यात नोंद काय असते? हा क्रमांक, तो सध्या कुठल्या वॉलेटच्या नावावर, आणि चित्राची माहिती कुठल्या पत्त्यावर ठेवलीय तो पत्ता. संपलं. चित्र स्वतः बहुतेक वेळा साखळीवर नसतंच, ते दुसरीकडे कुठल्यातरी सर्व्हरवर.

इथपर्यंत वही वहीसारखीच आहे. फरक पुढे आहे. फेरफार धरला की तलाठी तो लगेच पक्का करत नाही. चावडीवर नोटीस लागते, संबंधितांना नोटीस जाते, पंधरा दिवस हरकतीला मिळतात. हरकत आली तर ती तक्रारीच्या वेगळ्या वहीत चढते, सुनावणी होते. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. आणि एवढं करूनही जमीन महसूल संहिता म्हणते की ही नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची. उलट सिद्ध होईपर्यंत! म्हणजे सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही हे कायद्यानं आधीच कबूल करून ठेवलंय. आमच्या मामांना हे वाक्य तोंडपाठ आहे.

ब्लॉकचेनवरचे तलाठी काय तपासतात? सही जुळते का, फी भरली का. बैल कुणी काढला हे ते विचारत नाहीत, विचारूही शकत नाहीत. नोटीस नाही, पंधरा दिवस नाहीत, मंडळ अधिकारी नाही. काही सेकंदांत नोंद पक्की, आणि पक्की म्हणजे जन्मभर. मी भावाला जे गुण म्हणून सांगितलं होतं, कुणी खोडू शकत नाही, ते चोराच्या नोंदीलाही तितकंच लागू होतं.

बाजारपेठेकडे तक्रारीचा फॉर्म होता. भरला. मूळ सीडीआर फाईल, इन्स्टाग्रामची २०२०ची पोस्ट, सगळं जोडलं. बऱ्याच दिवसांनी ते नऊ बैल त्यांच्या पानावरून दिसेनासे झाले. दिसेनासे झाले, गेले नाहीत. साखळीवर ती नोंद आजही आहे, आमच्या आधीच्या तारखेसह. म्हणजे शेवटी न्याय केला तो एका कंपनीच्या ऑफिसातल्या माणसानं, ज्याची गरजच उरणार नाही असं मी भाषणात सांगितलं होतं.

हे आमच्याच बाबतीत झालं असं समजू नका. जानेवारी २०२२मध्ये ओपनसीनं स्वतःच सांगितलं होतं की त्यांच्या फुकट मिंटिंगच्या सोयीतून तयार झालेल्या एनएफटींपैकी ८० टक्क्यांहून जास्त या चोरलेल्या, बनावट किंवा स्पॅम होत्या. शंभरातल्या ऐंशी सातबाऱ्यांवर भलत्याचंच नाव असेल तर त्या गावात जमीन घ्याल का?

आता विक्रीचं बघू. माळेगावला बैल विकला तेव्हा मी लहान होतो, पण आठवतंय. दलालानं रुमालाखाली बोटं धरून भाव केला. मामांनी पैसे मोजून घेतले, आणि घेणारा दावं धरून बैल घेऊन गेला. संध्याकाळी घरी दावण रिकामी. मामी रात्री जेवल्या नाहीत. विक्री म्हणजे हे. एकाकडून गेलं, दुसऱ्याकडे आलं.

एनएफटी विकली की काय जातं? बीपलची फाईल आजही तुम्ही-मी उघडून बघू शकतो. सुंदरेसनना नोंद मिळाली, चित्राचा कॉपीराईट त्यांच्याकडे गेला नाही. मी भावाचा जो बैल विकत घेतला, त्यात मला काय मिळालं हे मला स्वतःलाच सांगता येईना. मी तो टी-शर्टवर छापून विकू शकतो का? आपला कॉपीराईट कायदा, १९५७चा, कलम १९ म्हणतं की हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी हवा आणि देणाऱ्याची सही हवी. कुठला हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशात, मोबदला किती, हे लिहायला हवं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. वॉलेटमधून टोकन सरकवणं म्हणजे ही सही नव्हे. आयटी कायद्यात इलेक्ट्रॉनिक सहीला मान्यता आहे, पण ती मान्य पद्धतीची, डीएससी किंवा आधार ई-साइनसारखी. आमच्या वॉलेटचा पत्ता म्हणजे शून्य-एक्स आणि पुढे चाळीस अक्षरं. त्यामागे उमरीचा फ्लेक्सवाला आहे की कोण, कोर्टाला कसं कळणार?

आणि ते दहा टक्के. मला वाटायचं ते साखळीतच कोरलेलं असतं. तसं नव्हतं. ती बहुतांशी बाजारपेठांनी पाळलेली रीत होती. स्पर्धा वाढली, घेणारे फुकट्या बाजाराकडे वळले, आणि ऑगस्ट २०२३मध्ये ओपनसीनं जाहीर केलं की पुनर्विक्रीवर कलाकाराची फी यापुढे ऐच्छिक. ऐच्छिक म्हणजे काय हे फ्लेक्सवाल्याला वेगळं सांगावं लागत नाही, त्याची अर्धी उधारी ऐच्छिकच असते.

'कायमचं' या शब्दाचंही तेच. नोव्हेंबर २०२२मध्ये एफटीएक्स बुडालं, तेव्हा त्यांच्या सर्व्हरवर चित्रं असलेल्या एनएफटी उघडल्या की चित्राऐवजी दिवाळखोरीच्या कारवाईचं पान दिसायला लागलं. नोंद शाबूत, चित्र गायब. सातबारा हातात आणि शेत वाहून गेलेलं. आयपीएफएस नावाची सोय आहे, त्यात फाईलचा पत्ता तिच्या मजकुरावरूनच ठरतो, त्यामुळे फाईल बदलता येत नाही. पण ती कुणीतरी साठवून ठेवायला लागते, आणि साठवणाऱ्याला महिन्याचं भाडं लागतं. आमचे बैल तिथेच आहेत. भाडं मी भरतो. इतकी वर्षं झाली, बंद करायचा धीर होत नाही.

किमतीबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांनी बघितलंय. जॅक डॉर्सीचं पहिलं ट्विट मार्च २०२१मध्ये २९ लाख डॉलरला गेलं. घेणाऱ्यानं एप्रिल २०२२मध्ये ते ४ कोटी ८० लाखांना विकायला काढलं, तर मुदत संपताना सगळ्यात मोठी बोली तीनशे डॉलरच्याही आत होती. आणि कर: १ एप्रिल २०२२पासून अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर सरळ ३० टक्के. खरेदीची किंमत सोडून कुठलाच खर्च वजा नाही, तोटा दुसरीकडे वळता येत नाही. स्वतः काढलेल्या चित्राची खरेदीची किंमत काय? शून्य. म्हणजे महिनाभर राबून काढलेल्या बैलाला सट्ट्याइतकाच कर. हा मला खरोखर अन्याय वाटतो, आणि यावर कुठलाच कलाकार ओरडला नाही, कारण भरण्याइतका नफाच बहुतेकांना झाला नाही.

मग ब्लॉकचेन टाकाऊ का? नाही, आणि इथे माझे ऑफिसातले मित्र माझ्याशी भांडतात. २०२२मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत ६५ हजार जातीचे दाखले पॉलिगॉनवर नोंदवण्याचं काम हाती घेतलं होतं. आमचे बैल ज्या साखळीवर, तिच्यावरच! ते मला पटतं. का पटतं? कारण दाखला देणारा उपविभागीय अधिकारी आहे, खरं-खोटं त्यानं आधी तपासलंय, चुकलं तर त्याच्याकडे जाता येतं. साखळीचं काम फक्त एवढंच की नंतर कुणी दाखल्यात खाडाखोड केली तर ती पकडता यावी. शिक्का मारायला ब्लॉकचेन उत्तम आहे. पण आधी कुणीतरी दाखला लिहायला पाहिजे. आम्ही नुसताच शिक्का घेऊन बाजारात बसलो होतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. कलाकारांसाठी असली वही करायचीच असेल, तर आधी चावडी करा. चित्र नोंदवायला टाकलं की महिनाभर ते कच्चं राहू दे, सगळ्यांना दिसू दे, हरकत घेता येऊ दे. (कॉपीराईट ऑफिसात नोंदणीला अर्ज केला की हरकतीसाठी महिनाभर थांबतातच. चित्रासाठी फी ५०० रुपये. ती नोंदणीही सक्तीची नाही, हक्क चित्र काढल्या क्षणी मिळतो.) नोंदवणाऱ्याची ओळख ई-साइननं पक्की करा. आणि घेणाऱ्याला नेमका कुठला हक्क मिळतो ते चार ओळीत, त्याला वाचता येईल अशा भाषेत, नोंदीलाच जोडा. हे सगळं केलं तर ती फार 'विकेंद्रित' राहणार नाही, मान्य. पण उमरीच्या माणसाला विकेंद्रीकरण नको होतं. त्याला पुढाऱ्याच्या बॅनरवरच्या बैलाचे पाचशे रुपये हवे होते, ते नाही तर कोपऱ्यात नाव तरी.

तेवढं त्यानं आता स्वतःच जमवलंय, माझ्या मदतीशिवाय. डिझाईन दाखवताना लहान जेपेग, मध्ये आडवं दुकानाचं नाव. अर्धे पैसे आधी. सीडीआर फाईल कुणालाच नाही, सख्ख्या मेहुण्यालाही नाही. आणि पावतीच्या खाली दोन ओळी छापून घेतल्यात: डिझाईनचा हक्क दुकानाकडे, गिऱ्हाईकाला एकदा छापायची परवानगी. त्यावर सही. ही ओळ वाटते तेवढी साधी नाही. पैसे घेऊन काढून दिलेल्या फोटोवर किंवा पोर्ट्रेटवर, वेगळा करार नसेल तर, आपल्या कायद्यानं पहिला हक्क गिऱ्हाईकाचा असतो. त्याला हे कुणी सांगितलं विचारलं, तर म्हणाला नांदेडचा एक वकील बॅनर छापायला आला होता, त्याच्याकडून पैसे न घेता लिहून घेतलं.

निघताना वॉलेटचा विषय काढला. ते उघडायचे बारा गुप्त शब्द तेव्हा आम्ही एका उरलेल्या लग्नपत्रिकेच्या मागे लिहून गल्ल्यात ठेवले होते. बघतो तर ती पत्रिका आता काऊंटरच्या काचेखाली, गिऱ्हाईकासमोर, मागची बाजू वर. मी ओरडलोच, अरे हे कुणाला दिसलं तर सगळं घेऊन जाईल!

"राहू दे की दादा," तो प्रिंटरचा रोल बदलत म्हणाला, "न्हेऊन न्हेऊन न्हेणार काय? आन् तो एक बैल तर तुझ्याचकडं हाय."

म्हणजे त्याला माहीत होतं. कधीपासून ते मी विचारलं नाही.